हिवाळ्यानंतरचे पहिले उड्डाण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसाने संमेलनात चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. त्या प्रघातास अनुसरून कार्यवाहांनी मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास येथे उभे केले आहे. नायगाऱ्याचा धबधबा आणि न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती यांचे वर्णन ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असल्यास ती मला पुरी करता यावयाची नाही. एक तर ती स्थळे आपल्यापैकी निम्म्या घरांनी मुलासुनांकडे जाऊन पाहिलेली आहेत. आणि दुसरे असे, की मी ती पाहिलीच नाहीत. २०२५ सालच्या फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत मी विस्कॉन्सिन राज्यात माझ्या पुतण्याकडे होतो, आणि त्या मुक्कामातील माझा बराचसा काळ एका पत्र्याच्या शेडमध्ये, हातात विजेरी धरून उभे राहण्यात गेला. त्या शेडमध्ये पुतण्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले विमान होते. पाच महिन्यांच्या विश्रांतीनंतर ते पुन्हा आकाशात कसे गेले, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

घरी बांधलेले विमान म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. पण थोडा विचार केला, तर जगातील पहिले यशस्वी विमान घरगुतीच होते. राइट बंधूंचा धंदा सायकलींचा. १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा सेकंदांत एकशेवीस फूट उडालेले त्यांचे विमान कोणत्याही कारखान्यातून आलेले नव्हते. त्याचे इंजिनदेखील त्यांच्या दुकानातील चार्ली टेलर या कारागिराने घडविले होते. पुढे विमाने कारखान्यांत होऊ लागली, तरी स्वतः बांधून स्वतः उडविण्याची हौस मावळली नाही. १९५३ साली विस्कॉन्सिनमधीलच मिलवॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी नावाच्या गृहस्थाने अशा हौशी मंडळींची एक संघटना स्थापन केली. १९५५ साली एका यंत्रविषयक मासिकात त्याने आठशे डॉलरांच्या आत विमान कसे बांधावे, याविषयी लेखमाला लिहिली आणि घरोघरच्या गॅरेजमध्ये हातोड्याचे आवाज येऊ लागले. त्या संघटनेचा मेळा १९७० सालापासून दर उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी भरतो. आज अमेरिकेत अशी तीस हजारांहून अधिक विमाने नोंदलेली आहेत.

आपल्याकडेही हे वेड अगदी अपरिचित नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१६ सालच्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात हजारो लोकांनी पाहिले. त्याची सरकारदरबारी नोंद होण्यास २०१७ साल उजाडले आणि उड्डाणाची परवानगी हाती पडण्यास २०१९. विमान बांधण्यापेक्षा परवानगी मिळविणे कठीण, अशी आपल्याकडील स्थिती. अमेरिकेत नियम वेगळा. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौसेसाठी अथवा शिक्षणासाठी स्वतः केलेले असेल, तर सरकारी तपासनीस पाहणी करून ‘प्रायोगिक’ या वर्गात त्याची नोंद करतो. त्यानंतर ठरावीक तास विमान एकट्याने उडवून त्याचे गुणदोष पारखावे लागतात; त्या काळात उतारू नेता येत नाही. शिवाय बांधणाऱ्यास दुरुस्तीकाराचा दाखला मिळू शकतो, आणि तो असला की दर बारा महिन्यांची सक्तीची तपासणी त्याची त्यालाच करता येते. म्हणजे बांधणारा तोच, तपासणारा तोच आणि उडविणाराही तोच. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी काम पडणार आहे.

पुतण्याचे विमान दोन आसनांचे. ऑरेगॉन राज्यातील व्हॅन्स नावाची कंपनी असल्या विमानांचे सुटे भाग खोक्यांत भरून पाठविते. तिच्या आराखड्यांवरून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. पत्रा अॅल्युमिनियमचा, इंजिन लायकमिंग जातीचे, चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे. बांधावयास सात वर्षे लागली. पत्र्यास पत्रा जोडावयाचे हजारो रिव्हेट असतात आणि त्यांपैकी पुष्कळसे मारावयास दोन माणसे लागतात: एकाने बाहेरून यंत्राने ठोकावयाचे आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा घट्ट धरावयाचा. सात वर्षे रात्रीची जेवणे आटोपल्यावर तो ठोकळा आमच्या सूनबाईंनी धरला. तेव्हा विमान पुतण्याचे असे जरी मी म्हणत असलो, तरी न्यायाने ते दोघांचे आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस ते शेवटचे उडाले. पुढे दिवस आखूड झाले, ढग खाली आले. अशा लहान विमानास थंडीतील ढगांत शिरणे म्हणजे पंखांवर बर्फ ओढवून घेणे होय, आणि तो झटकून टाकण्याची सोय त्यात नसते. त्यातच डिसेंबर-जानेवारीत घरच्या लग्नासाठी पुतण्या सहकुटुंब इकडे आला होता; आपल्यापैकी कित्येकांनी त्यास मांडवात पाहिलेही असेल. अशा रीतीने पाच महिने विमान त्या शेडमध्ये थंडीत उभे राहिले.

आता यंत्र नुसते उभे राहिल्याने बिघडते, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यास समजावून सांगावयास नको. पावसाळाभर बंद राहिलेले विहिरीवरचे इंजिन पहिल्या दिवशी कसे हट्ट करते, ते आपण पाहिले आहे. खंडेनवमीस आपण अवजारे घासूनपुसून पूजेस मांडतो, त्यातही पावसाळ्याचा गंज उतरविण्याचा व्यवहार आहेच. परंतु विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर पाणी उद्या दिले जाते. विमानाच्या इंजिनाने दोनशे फुटांवर हट्ट धरला, तर उद्याची सोय नसते.

या इंजिनाची एक खोड मला मोठी बोधप्रद वाटली. झडपा उघडमीट करणारा जो दांडा असतो, ज्यास कॅमशाफ्ट म्हणतात, तो या जातीच्या इंजिनात वरच्या अंगास बसविलेला आहे. इंजिन चालू असताना त्यावर तेल उडत राहते. बंद पडले की ते तेल हळूहळू ओघळून तळाशी जाते आणि वरचा दांडा उघडा पडतो. आतल्या हवेत इंधनाच्या ज्वलनाने झालेली वाफ कोंडलेली असते. ती थंडीत दवासारखी जमते आणि पोलादावर गंजाचे सूक्ष्म ठिपके पडतात. बाहेरून काहीही दिसत नाही. पुढे इंजिन चालू केले की ते ठिपके कानशीप्रमाणे काम करतात, आणि कित्येक तासांनंतर धातूचा भुगा तेलात उतरू लागतो.

यावर आपल्यापैकी कोणीही म्हणेल, की मग आठ-पंधरा दिवसांनी पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवावे. स्कूटर आपण तशीच ठेवतो. मीही पुतण्यास तेच सुचविले. तो म्हणाला, “काका, तेवढ्याने उलट नुकसान होते.” त्याचे कारण असे. पाच मिनिटांत इंजिन तापते न तापते. ज्वलनाची नवी वाफ मात्र आत भरते, आणि तेल पुरेसे तापले नसल्यामुळे ती बाहेर निघून जात नाही. इंजिन बनविणाऱ्यांचे सांगणे असे, की महिन्यातून निदान एकदा तासभर प्रत्यक्ष उडावे आणि तेलाचे तापमान चौऱ्याहत्तर ते त्र्याण्णव अंश सेल्सिअस या दरम्यान राहावे. जमिनीवर चालविणे हा त्यास पर्याय नव्हे. पुढचा पंखा हाताने फिरवून ठेवणे तर त्याहून वाईट, कारण त्याने उरलेसुरले तेलही पुसले जाते. शिवाय जीवास धोका. या इंजिनांत ठिणगी पाडणारे मॅग्नेटो नावाचे यंत्र बॅटरीवाचून चालते. बटण बंद आहे असे वाटावे, आत एखादी तार तुटलेली असावी आणि हाताने फिरविलेला पंखा एकाएकी चालू व्हावा, असे घडू शकते. म्हणून विमानाचा पंखा नेहमी भरलेली बंदूक समजावा, असे तेथील लोक मानतात.

पुतण्याने काय केले होते? इकडे येण्यापूर्वी त्याने जुने तेल काढून गंजरोधक तेल भरले आणि स्पार्क प्लगांच्या जागी ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या नळ्या बसविल्या. हे खडे कोरडे असताना निळे असतात, ओल शोषली की गुलाबी होतात. नळकांडी, भोके, वाऱ्याची तोंडे यांस बोळे घातले आणि प्रत्येक बोळ्यास तांबडी फीत बांधली. फितींची संख्या एका कागदावर लिहून तो कागद बसण्याच्या जागी चिकटविला: अकरा. अकरा फिती हातात आल्याखेरीज इंजिन चालू करावयाचे नाही, असा अर्थ. शाळेच्या सहलीत मुले मोजून गाडीत भरणाऱ्या शिक्षकास ही पद्धत पटली, हे सांगावयास नकोच.

मार्चच्या अखेरीस आम्ही शेड उघडली. खडे सहा नळ्यांत निळेच होते. दोन नळ्यांत खालच्या बाजूस फिकट गुलाबी झाले होते. पुतण्या त्यांकडे बराच वेळ पाहत राहिला, पण बोलला नाही. पुढचे दोन आठवडे, सुटीच्या दिवशी आणि कामावरून परतल्यावर, तपासणी चालली. माझे काम विजेरी धरण्याचे आणि यादी मोठ्याने वाचण्याचे. चाकांतील हवा उतरली होती. ब्रेकच्या तबकड्यांवर तांबूस पापुद्रा आला होता. टाक्यांची हवा खेळविणाऱ्या नळ्या फुंकून पाहिल्या. त्या तुंबल्या तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते. दोन्ही पंखांतील टाक्यांच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून काचेच्या पेल्यात इंधन काढले. ते फिकट निळ्या रंगाचे असते. त्यात पाणी असलेच तर जड असल्यामुळे मण्यासारखे तळाशी बसते. डावीकडच्या पेल्यात वाटाण्याएवढा एक मणी निघाला. पुन्हा काढले, पुन्हा पाहिले. पाचव्या पेल्यात मणी दिसला नाही, तरी त्याने आणखी दोन काढले.

आणि उंदीर! थंडीच्या देशात उंदरास विमानासारखे घर नाही. इंजिनाच्या मागच्या कप्प्यात पांघरुणाच्या धाग्यांचे एक सुबक घरटे निघाले. मालक परागंदा झालेला होता. घरटे काढून टाकणे सोपे. परंतु उंदराचे मूत्र अॅल्युमिनियमला खाते, आणि त्याचे दात तारांच्या आवरणावर चालतात. त्यामुळे ते एक घरटे निघाल्यावर शेपटीपर्यंतची सर्व झाकणे उघडावी लागली. आरसा आत घालून, विजेरी तिरकी धरून, तार अन् तार पाहण्यात तीन संध्याकाळी गेल्या. एका तारेचे आवरण कुरतडलेले सापडले. ती शेपटीच्या दिव्याची होती. दिवसा उडणाऱ्यास त्या दिव्यावाचून चालले असते. पुतण्याने तार बदलली.

येथवर जे सांगितले ते यंत्राचे. ते कष्टाचे आहे, पण सरळ आहे. गंज असला तर दिसतो, निदान शोधता येतो. यादी असते आणि यादी संपते. सूनबाईंना या भागाची चिंता नव्हती. एके दिवशी स्वयंपाकघरात त्या मला म्हणाल्या, “काका, विमानाची मला काळजी नाही, निम्मे रिव्हेट मीच धरलेत. काळजी आहे ती ह्यांच्या हाताची.”

मी विमानातला जाणकार नव्हे. परंतु चाळीस वर्षे वर्गावर उभा राहिलेला माणूस आहे, आणि हे वाक्य मला तत्काळ समजले. मे महिन्याच्या सुटीनंतर जूनमध्ये शाळा उघडली, की सतराचा पाढा विसरलेली मुले दोन प्रकारची असतात. एक अडखळते, थांबते, डोके खाजवते. त्याची चिंता नसते. आठ दिवसांत ते मार्गी लागते. दुसरे त्याच चालीत, त्याच आवाजात, न थांबता चुकीचा पाढा म्हणत जाते. चाल शाबूत असते, आकडे गेलेले असतात, आणि त्या मुलास त्याची वार्ता नसते. सुटीनंतरचा वैमानिक बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. पाय, हात, डोळा यांस जुनी चाल आठवते आणि त्यामुळे सर्व काही आठवते असे मनास वाटते. जमिनीपासून अंतर किती उरले याचा डोळ्याचा अंदाज, आडव्या वाऱ्यात पायाने द्यावयाचा दाब, अडचणीच्या क्षणी कोणत्या खटक्याकडे प्रथम हात जावा याचा क्रम, या गोष्टी नकळत गेलेल्या असतात.

कायदा याबाबत काय म्हणतो ते ऐकण्याजोगे आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे मागील नव्वद दिवसांत निदान तीन वेळा विमान चढविले आणि उतरविले नसेल, तर उतारू बरोबर नेता येत नाही. दर चोवीस महिन्यांत एकदा शिक्षक-वैमानिकाबरोबर तासभर तोंडी आणि तासभर आकाशात उजळणी करावी लागते. पण ही उजळणी मुदतीत झालेली असेल, तर पाच महिन्यांनंतरही एकट्याने उडण्यास कोणाची आडकाठी नाही. पुतण्याची उजळणी आदल्या वर्षी झालेली होती. विमानाची तपासणी त्याने स्वतःच केलेली, दाखला त्याचाच, सही त्याचीच. त्या सकाळी शेडचे दार सरकवून तो एकटा उडाला असता, तर कोणत्याही नियमाचा भंग झाला नसता. माझ्या मते हीच खरी धोक्याची जागा होय. परीक्षार्थी आणि परीक्षक एकच असला म्हणजे पेपर सोपा निघतो.

हा बाऊ नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली या घरगुती विमानांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार खासगी व किरकोळ उड्डाणे करणाऱ्या विमानांत त्यांची संख्या दहा टक्क्यांच्या जवळपास होती. परंतु २०११ सालच्या त्या वर्गातील अपघातांपैकी सुमारे पंधरा टक्के आणि प्राणघातक अपघातांपैकी एकवीस टक्के या विमानांचे होते. कारणांत दोन ठळक: इंजिन अथवा त्यास लागून असलेली व्यवस्था बंद पडणे, आणि वैमानिकाचा विमानावरील ताबा सुटणे. यंत्राचा गंज आणि हाताचा गंज असे मी त्यांस म्हटले, तर अभ्यास करणारे रागावणार नाहीत अशी आशा आहे.

पुतण्याने हाताचा गंज शोधण्याची सुरुवात शेडमध्येच केली. तो विमानात बसे, डोळ्यांस रुमाल बांधी, आणि मी बाहेरून एकेक नाव वाची: इंधनाचा खटका, मॅग्नेटो, दरवाजाची कडी, रेडिओ. त्याने हात बरोबर त्या जागी न्यावयाचा. पहिल्या दिवशी वीस नावांत तीन वेळा हात भलतीकडे गेला. त्यांपैकी एक इंधनाची टाकी बदलण्याचा खटका होता. दुसऱ्या दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. त्यानंतर तो पाठांतराकडे वळला. जमीन सोडताच इंजिन बंद पडले तर काय करावयाचे, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी मोठ्याने म्हणावयाचे असते. त्याने स्वतःपुरती मर्यादा ठरविली होती: हजार फुटांच्या खाली इंजिन गेले, तर धावपट्टीकडे मागे वळावयाचे नाही, समोर जे शेत असेल त्यात उतरावयाचे.

मागे वळण्याचा मोह का घातक ठरतो, हे समजावताना त्याने मला जो हिशेब दाखविला तो गणिताच्या शिक्षकास लोभ उत्पन्न करणारा आहे. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला की पंखावरची हवा सुटते आणि पंख तोलून धरीनासा होतो; यास स्टॉल म्हणतात. या विमानाची ती मर्यादा सरळ उड्डाणात ताशी सुमारे पन्नास मैल. पण उंची न सोडता साठ अंश कलून वळण घेतले, तर पंखावरील भार दुप्पट होतो आणि ती मर्यादा दोनाच्या वर्गमुळाने गुणली जाते. म्हणजे पन्नासाचे एकाहत्तर. सरळ जाताना जो वेग सुरक्षित, तोच घाईच्या वळणात अपुरा. दोनाचे वर्गमूळ मी कित्येक पिढ्यांकडून घोकून घेतले. त्यावर कोणाचा जीव अवलंबून असेल, हे मनात आले नव्हते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातील शनिवारी सर्व सिद्ध झाले. अकरा फिती मोजून झाल्या, तापकाने इंजिन ऊबदार करून झाले. (शून्याखाली बारा अंशांपेक्षा अधिक थंडी असेल, तर हे करावेच लागते, कारण गार तेल काकवीसारखे घट्ट होते, त्या दिवशी तेवढी थंडी नव्हती, तरी पहिली सुरुवात म्हणून केले.) सूनबाईंनी डबा दिला होता. शिक्षक-वैमानिक, सत्तरीकडे झुकलेले एक शांत गृहस्थ, येऊन उभे राहिले होते. वारा मात्र धावपट्टीस आडवा, ताशी सतरा-अठरा मैल आणि तोही धक्क्याधक्क्याने. पुतण्या वाऱ्याच्या पिशवीकडे पाच-सात मिनिटे पाहत उभा राहिला. ऑक्टोबरात याहून अधिक वाऱ्यात तो उतरलेला आहे, हे त्यानेच मला सांगितले होते. मग वळून म्हणाला, “आज नको.” शिक्षकांनी मान हलविली, डब्यातील दोन पराठे खाल्ले आणि ते निघून गेले. आम्ही अकरा बोळे पुन्हा घातले. माझा हिरमोड झाला हे खरे. परंतु चाळीस वर्षांत मी जे थोडे उत्तम विद्यार्थी पाहिले, त्यांत त्या सकाळी शेडचे दार ओढून घेणाऱ्या पुतण्याची गणना मी निःशंक करीन.

पुढच्या मंगळवारी वारा पडला. दोघे विमानात बसले, मी कुंपणाशी. थंड हवा दाट असते, पंख आणि पंखा दोन्ही तीत अधिक बळ धरतात; विमान अर्ध्या धावपट्टीच्या आतच वर उचलले गेले. तासभर ते गावाच्या दक्षिणेस दिसेनासे झाले. तेथे मंद गतीने उडणे, मुद्दाम स्टॉल करून सावरणे, इंजिनाची शक्ती काढून घेऊन शेत निवडणे, अशी उजळणी झाली, हे मागाहून कळले. मग उतरण्याचा सराव. पहिल्या खेपेस विमान धावपट्टीवर आले, आणि मजसारख्या अडाण्यासही दिसले की नाक लवकर उचलले गेले आहे. ते चार-पाच फुटांवर लोंबकळले. दुसऱ्याच क्षणी इंजिनाचा आवाज भरला आणि विमान पुन्हा वर गेले. पाच महिन्यांत डोळा नेमका तेवढे चार फूट विसरला होता. शिक्षकांनी त्या वेळी एक शब्दही उच्चारला नव्हता. निर्णय पुतण्याने आपणहून घेतला. दुसऱ्या खेपेस चाके टेकली, पण धप्प आवाज कुंपणापर्यंत आला. तिसरी आणि चौथी खेप चांगली झाली. पाचव्या वेळी चाके केव्हा टेकली ते मला कळले नाही.

त्यानंतर दोन दिवस तो एकटाच उडाला, आणि मग सूनबाई त्याच्याबरोबर गेल्या. नव्वद दिवस आणि तीन वेळा, हा नियम पुरा होऊन वर चार खेपा झालेल्या होत्या. त्या त्यांनी नोंदवहीत स्वतः मोजून पाहिल्या.

मला नेले मे महिन्यात. बसण्यापूर्वी समोरच्या पाटीवरील मजकूर वाचावाच लागतो. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांसाठी असलेल्या सरकारी सुरक्षा-नियमांस ते उतरत नाही, असा त्याचा आशय. इतकी सरळ पाटी मी आपल्याकडील एखाद्या एस.टी. गाडीत लावलेली पाहू इच्छितो. माझे वजन विचारून हिशेबात धरले गेले; ते येथे सांगण्याचे कारण नाही. पाऊण तास आम्ही विनेबागो सरोवराच्या काठाने गेलो. फेब्रुवारीत मी ज्या सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावर मोटारी उभ्या असलेल्या पाहिल्या होत्या, त्यावर आता होड्या होत्या. खाली चौकोनी शेते, त्यांत मका पेरणारी यंत्रे. पुतण्या सारखा डावीउजवीकडे पाहत होता. मी विचारले, “काय शोधतोस?” तो म्हणाला, “उतरायला शेत. इंजिन चालू असताना शोधलेले बरे.”

आता उरले ते दोन गुलाबी नळ्यांचे. खड्यांचा रंग बदलला म्हणजे त्या सिलिंडरांत ओल पोहोचली. ती कॅमशाफ्टपर्यंत गेली की नाही, हे इंजिन न उघडता सांगता येत नव्हते. म्हणून मेअखेर, मी निघण्यापूर्वी दोन दिवस, त्याने नेमापेक्षा पुष्कळ लवकर तेल बदलले. तेलाची जी गाळणी असते तिचे डबडे गोल कापले, आतला घडीघडीचा कागद उलगडून टेबलावर पसरला. सूनबाईंनी दिवा धरला, मी चष्मा पुसला. पुतण्याने लोहचुंबक कागदावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरविला आणि पांढऱ्या फडक्यावर टेकविला. फडके काळे झाले ते तेलानेच. चकाकणारा कण एकही नव्हता. त्याने नोंदवहीत तारीख, इंजिनाचे तास आणि ‘धातूचे कण नाहीत’ एवढे लिहून खाली सही केली. पुढच्या ओळीत पुन्हा दहा तासांनी गाळणी कापून पाहावयाची, अशी सूचना स्वतःसाठीच लिहून ठेवली.